शुभेच्छुकांत माझा फोटो नव्हता

आमच्या घरात गाणं लावायची पद्धत नव्हती. गाणी बाहेरून यायची, उसाच्या ट्रॅक्टरवरून किंवा कुणाच्या मांडवातून, आणि ट्रॅक्टर पुढं गेला की संपायची. घराचे स्वतःचे आवाज वेगळे होते. पहाटे अप्पांच्या दुधाच्या कॅनची झाकणं, गोठ्यातल्या गाईची साखळी, आणि आईचं भाकरी थापणं. आई परातीत सहा थापा मारायची आणि सातव्याला हात उचलून भाकरी जराशी फिरवायची. सहा थापा, एक थांबा. मी चुलीजवळ अभ्यासाला बसायची आणि तो ठेका माझ्या वाचनाखाली चालू असायचा. तो सातचा ठेका आहे हे मला कॉलेजात गेल्यावर एका मुलानं सांगितलं. त्या मुलाबद्दल लिहावं लागेल म्हणूनच हे प्रकरण मी इतके दिवस पुढं ढकलत आले.

अप्पा भाऊंच्या दूध संकलन केंद्रावर कामाला होते. सकाळ-संध्याकाळ गावचं दूध घ्यायचं, यंत्रावर फॅट काढायची, पावती द्यायची. भाऊंचं नाव लिहीत नाही. ते आमच्या गटातून साखर कारखान्याचे संचालक होते, आणि आमच्याकडे एवढं सांगितलं की पुरतं. कुणाचा ऊस आधी तुटणार हे कागदावर लागणीच्या तारखेवरून ठरायचं. कागदाबाहेर कसं ठरायचं ते शाळेतल्या पोरांनाही माहीत होतं.

फॅटच्या यंत्राबरोबर इंग्रजी माहितीपुस्तक आलं होतं. मी आठवीत असताना अप्पांनी ते घरी आणलं आणि जेवणानंतर माझ्यापुढं ठेवलं. "वाच, आन् मराठीत सांग," म्हणाले. पुस्तक संपलं तेव्हा औषधाच्या बाटलीवरचं, खताच्या पोत्यावरचं, टीव्हीच्या खोक्यावरचं इंग्रजी सुरू झालं. ओट्यावर शेजारचं कुणी बसलेलं असलं की अप्पा मुद्दाम काहीतरी शोधून आणायचे. मी अडखळत वाचायची, थांबायची, मग मराठीत सांगायची. आई अशा वेळी हुलग्याच्या शेंगोळीचं पातेलं माझ्याकडे सरकवायची, जशी काही मी दिवसभर खुरपून आले आहे. आमच्या घरात दहावीपुढं कुणी गेलेलं नव्हतं. माझ्या शिक्षणाबद्दल अप्पांना फार काही कळत नव्हतं. त्यांचा एकच विश्वास होता, पोरगी जे वाचते ते खरं सांगते.

कॉलेज बारामतीला. फाट्यावरून इंदापूरहून येणारी एसटी पकडायची, तासाभरात बारामतीचं स्टँड. पहिल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या मागच्या बाकावर एक मुलगा बसायला लागला. कानात हेडफोन, आणि बोटं माझ्या बाकाच्या लोखंडी दांडीवर. सारखी टकटक. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी वळून सांगणार होते, पण वळायच्या आधी ती टकटक मी मोजायला लागले. सहा आणि एक थांबा. मी वळले आणि राग विसरून म्हणाले, हे तर आमची आई भाकरी थापते तसं आहे. त्यानं हेडफोन काढला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "मग तुझी आई सातात थापती."

त्याचं नाव बिरू. ते लोक मूळचे सुप्याकडचे, मेंढरं राखणारे. त्याच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, कळप मोडून आमच्या फाट्याच्या अलीकडे कालव्याजवळ जमीन घेतली होती आणि त्यात ऊस होता. आबा जत्रेत गजी नाचाला ढोल वाजवायचे. बिरू लहानपणी त्या ढोलामागं उभा राहून मोठा झाला होता. मग कधीतरी कुणाच्या मेमरी कार्डातून त्याला परदेशातल्या एका थंड देशाच्या ब्यांडचं गाणं मिळालं. नऊ मिनिटांचं, मध्येच ताल बदलणारं, गिटारीच्या कल्लोळाखाली ड्रम असे वाजत होते की त्याला वाटलं हा माणूस आबांकडे शिकला असणार. या संगीताला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात हे त्याला दोन वर्षांनी समजलं. त्यानं मला ते गाणं एसटीत ऐकवलं. पहिल्यांदा माझं डोकं दुखलं. दुसऱ्यांदा मला त्यातले शब्द ऐकू यायला लागले.

ब्यांडचं नाव मी देत नाही. ज्यांना ते माहीत आहे त्यांना 'पिवळा अल्बम' एवढ्यावरून कळेल. मुखपृष्ठावर पिवळ्या आभाळाखाली एक मोडका बंधारा असलेला तो अल्बम त्या वर्षी हिवाळ्यात आला आणि आमच्या चौघांच्या डोक्यात शिरला.

चौघं म्हणजे बिरू, मी, प्रणव आणि सोहेल. प्रणव बारामतीतल्या डॉक्टरांचा मुलगा, गिटार शिकलेला. हा ब्यांड पहिल्यापासून ऐकणारा तो एकटाच. सोहेलच्या चुलत्यांचं स्टँडमागं फ्लेक्सचं दुकान होतं आणि दुपारी चुलते जेवायला गेले की दुकान त्याच्या ताब्यात असायचं. कॉलेज सुटल्यापासून आमची एसटी लागेपर्यंत आम्ही तिथं बसायचो. यंत्र खर्र-खर्र करत वाढदिवसाचे फोटो ओकत असायचं, शाईचा उग्र वास, दोरीवर वाळत घातलेले निम्म्या तालुक्याचे भावी सरपंच. मी दाराजवळच्या स्टुलावर, बाहेरून दिसणार नाही अशी. मी तीन मुलांबरोबर बसते हे घरी समजलं असतं तर कॉलेज त्याच दिवशी थांबलं असतं. यात अप्पांची काही चूक होती असं मी आजही म्हणत नाही. त्यांना लोकांना तोंड द्यायचं होतं.

त्या अल्बमवरून आमच्यात जी भांडणं झाली तशी मी पुढं आयुष्यात कुठल्याच गोष्टीवरून केली नाहीत. प्रणवचं म्हणणं होतं की ब्यांड संपला. आधीचे अल्बम समुद्राबद्दल होते, स्वप्नांबद्दल होते, एकेक सोलो चार मिनिटांचा होता. आता हे लोक राजकारणावर भाषणं द्यायला लागले. गाणाऱ्याचं स्वतःचं घर तलावाकाठी आहे, त्यानं दुष्काळावर का गावं? सोहेल म्हणायचा, तुझंही घर तलावाकाठीच असतं, बारामतीत तलाव असता तर. त्याची स्वतःची तक्रार एवढीच होती की ड्रमचा आवाज फार पुढं ठेवलाय. त्यावर बिरू उठून उभा राहायचा. त्याच्या मते या अल्बममध्ये तेवढीच एक गोष्ट बरोबर केलेली होती.

शब्दांबद्दल बिरूचं मत सरळ होतं. "ढोलाला शब्द असत्यात का? तरी माणूस अंगात आल्यासारखा नाचतुयाच की." इंग्रजी त्याला जेमतेम समजायचं आणि त्याची त्याला खंत नव्हती. उलट तो म्हणायचा, कळत नाही तेच बरं, कळलं की माणूस ऐकायचं सोडून मान डोलवायला लागतो. आणि मी, जी कधी वर्गात हात वर करत नव्हती, ती या एका गोष्टीवर हट्टाला पेटायची. मी म्हणायची, शब्दच नसतील तर हा माणूस एवढा घसा फोडून कशासाठी ओरडतोय?

शेवटी मी त्या अल्बमच्या पाचव्या गाण्याचं पहिलं कडवं वहीत मराठीत लिहून आणलं. त्यात दोन दिवस गेले. मूळ शब्द सिंहासन असा होता. सिंहासन लिहिलं की शाळेतल्या नाटकासारखं वाटायला लागलं, म्हणून मी ते खोडून खुर्ची केलं. यंत्र बंद करून सोहेलनं मला वाचायला सांगितलं.

खुर्ची झिजली, बसणारा तोच.
आम्ही रांगेत उभं राहून राहून झाडं झालो.

मग सोहेल म्हणाला, "मास्तरीण, हे हितलंच हाय." प्रणव म्हणाला, मराठीत बरं वाटतं, इंग्रजीत एवढं चांगलं नाहीये. बिरूनं फोनवर तेच कडवं परत लावलं आणि टेबलावर बोटांनी मोजायला लागला. दोन-तीनदा मोजून म्हणाला की गाणाऱ्याचं वाक्य सहाव्या मात्रेला संपतं, सातवी मोकळी सोडलीये. त्याच्या मते सगळं गाणं त्या मोकळ्या मात्रेत होतं, शब्द तिथंपर्यंत पोचवण्यापुरते. मी म्हणाले, ती मोकळी मात्रा ऐकणाऱ्यानं काही म्हणावं म्हणून सोडली असेल. तो हसला. "आन् ऐकणारा काय म्हंतो? काय न्हाय." त्या वेळी आम्हाला तो विनोद वाटला.

बिरूचं एक ठरलेलं होतं. परीक्षा झाली की प्रणव पुण्याला जाणार होता. तिथं त्याच्या ओळखीच्या मुलांना ड्रम वाजवणारा हवा होता, आणि ध्वनिमुद्रण शिकवणारा एक कोर्स होता ज्याचं माहितीपत्रक मीच बिरूला वाचून दाखवलं होतं. बिरूनं महिनाभर धीर गोळा करून आबांना विचारलं होतं. आबा म्हणाले होते, "ऊस गेला की जा." आमच्याकडे सगळ्याच गोष्टींना हे उत्तर असतं, लग्नाला, घराच्या पत्र्याला, दवाखान्याला. पण आबांनी ते हसून म्हटलं होतं, आणि स्वतःचा जुना ढोल माळ्यावरून काढून पुसून ठेवला होता, पुण्याला नेशील म्हणून. ऊस फेब्रुवारीत जायचा होता. बिरू बोटांवर आठवडे मोजत होता.

फ्लेक्सची कल्पना कुणाची होती हे मी अनेकदा आठवून पाहिलं आहे. सोहेलची असावी. बारामती-इंदापूर रस्त्यावर कुणाच्या कुत्र्याचा वाढदिवस असला तरी फ्लेक्स लागतो, आणि जगातल्या एका मोठ्या ब्यांडचा एवढा मोठा अल्बम आला तर त्याचा लागू नये? दुकानात छापताना उरलेला एक लांब तुकडा पडून होता. वर बंधाऱ्याचं पिवळं चित्र, खाली शुभेच्छुक म्हणून आमचे फोटो. इथपर्यंत सगळे हसत होते. मग मी म्हणाले, मधे ते कडवं टाका.

बिरू नको म्हणाला. ब्यांडचं नाव टाका, चित्र टाका, शब्द कशाला? प्रणवला त्या दोन ओळी आवडल्या होत्या, सोहेलला मधली जागा भरायची होती. हात वर करून ठरवायचं ठरलं. मी हात वर केला. तीन विरुद्ध एक. बिरू हरला, म्हणून सोहेलनं त्याची समजूत घालायला त्याचा फोटो सगळ्यांत मोठा टाकला, गॉगल घातलेला, भावी आमदारासारखा. खाली 'समस्त पिवळा परिवार'. माझा फोटो मागितला तेव्हा मी नाही म्हणाले. मुलीचा फोटो फाट्यावर कसा लावायचा? निदान नाव टाकू का, सोहेलनं विचारलं. मी तेही नको म्हणाले. कुणीही आग्रह केला नाही, सगळ्यांना ते रीतसर वाटलं.

फ्लेक्स बिरूनं आमच्या फाट्यावर लावला. तिथं एक लोखंडी सांगाडा नेमका मोकळा होता. तो भाऊंचा सांगाडा. वर्षभर त्यावर भाऊंचेच फोटो असायचे. कारखान्याची निवडणूक लागली होती, आचारसंहितेमुळे सगळे फ्लेक्स उतरवले होते आणि सांगाडा तेवढा उरला होता. आम्हा चौघांपैकी एकालाही ते डोक्यात आलं नाही. आम्ही दीड महिना कडव्यातली एकेक मात्रा मोजत होतो. कारखान्यात भाऊंच्या खुर्चीची निवडणूक चालू आहे हे आम्हाला माहीत होतं, पण ते जसं हवामान माहीत असतं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीची वाट बघत मी फाट्यावर उभी होते. दुधाचे कॅन घेऊन निघालेला एक म्हातारा सायकल थांबवून फ्लेक्सपुढं उभा राहिला. त्यानं बोट फिरवत, एकेक अक्षर जोडत, मोठ्यानं वाचलं. झाडं झालो या शब्दांपाशी आला आणि परत पहिल्यापासून वाचलं. मग आणखी दोघं थांबले. मी लिहिलेलं काही लोक उभं राहून वाचतायत हे मी पहिल्यांदा पाहत होते. एसटी आली, मी खिडकीशी बसले आणि मान वळवून दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले. इतका आनंद मला पुढं कधी झाला नाही. पुढं जे झालं ते समजल्यावरही त्या आनंदाला मला खोटं म्हणता येत नाही, आणि हेच मला जास्त छळतं.

संध्याकाळपर्यंत फ्लेक्सचा फोटो गावागावांच्या ग्रुपवर फिरला. भाऊंच्या विरोधातल्या पॅनेलनं तो आपलाच असल्यासारखा पुढं पाठवला, आणि वर लिहिलं की तरुण पोरं जागी झाली. वाक्य कुणाचं, कशातलं, कुणाला विचारायची गरज वाटली नाही. तिसऱ्या दिवशी सांगाडा परत मोकळा होता.

त्या दिवशी जेवताना अप्पा खुशीत होते. भाऊंनी त्या तिन्ही पोरांना उद्या दुपारी केंद्रावर बोलावलंय, ते म्हणाले. पोरं म्हणतात की ते एका इंग्रजी गाण्यातलं आहे. भाऊंच्या पुतण्यानं गाण्याचे शब्द छापून आणलेत, पण त्याला काही उमगेना. "मी भाऊला म्हनलं, आमची अशू हाय की. ती वाचंल आन् सांगंल." आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, उद्या तास आहेत. अप्पा म्हणाले, एक दिवस तास बुडला तर काय व्हतंय, भाऊनं पोरीला बोलावलंय. त्यांनी स्वतःचा पांढरा सदरा इस्त्रीला दिला.

केंद्रात दुपारी कुणी नसतं. धुतलेल्या फरशीवर ओलं आंबूस पाणी, कोपऱ्यात फॅटचं यंत्र झाकलेलं. तिघं भिंतीला टेकून उभे होते. मला पाहून सोहेलनं मान खाली घातली. बिरूनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे, ओळख नसल्यासारखं. त्या क्षणी मला त्याचा अर्थ नीट कळला, आणि मला हायसं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण मग बाकीचं लिहिण्यातही काही अर्थ नाही.

भाऊ रागावलेले नव्हते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, ताकाचा ग्लास पुढं ठेवला, कितवीला आहेस विचारलं. पुतण्यानं फोनवर ते गाणं लावलं. भाऊंनी मिनिटभर ऐकलं आणि म्हणाले, "ह्यात शबुद कुठं हायत? कुणाला तरी मारत्यात असं वाटतंय." सगळे हसले, अप्पासुद्धा. मग त्यांनी छापलेला कागद माझ्या हातात दिला. "वाच बाळ. आन् खरं सांग. ह्यात खुर्ची हाय का?"

मी वाचलं. आधी इंग्रजीत, अडखळत, जशी घरी वाचते तशी. अप्पा दारात उभे होते आणि त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलल्यासारखे होत होते. खुर्ची नव्हतीच. सिंहासन होतं. मी तसं सांगितलं.

"म्हंजे खुर्ची हितं घातली."

मी म्हणाले, "गाण्याला तसा काही अर्थ नाही, भाऊ. नुसते शब्द आहेत. तालात बसवलेले."

हे मी म्हणाले. दीड महिना ज्या वाक्याशी भांडले, बरोबर तेच वाक्य. ते इतक्या सहज आलं की मला स्वतःलाही पटल्यासारखं वाटलं. भाऊंनी मान डोलावली. त्यांनाही प्रकरण वाढवायचं नव्हतं, डॉक्टरांचा मुलगा त्यात होता. "मग झालं. ताई म्हनती अर्थच न्हाय. पोरं हायसा, चुकला. माफी मागा आन् जावा कॉलेजला." प्रणवनं माफी मागितली. सोहेलनं चुलत्यांचं नाव घेऊन माफी मागितली. मग सगळे बिरूकडे बघायला लागले.

त्याची बोटं भिंतीवर होती, पण वाजत नव्हती.

"अर्थ हाय, भाऊ," तो म्हणाला. "मला बी आधी कळला न्हवता. आत्ता कळला."

पुतण्या पुढं सरकला. भाऊंनी हातानं त्याला थांबवलं. "लिवलंय कुणी ते?"

"गाण्यात हाय ते."

"आन् खुर्ची?"

बिरू काही बोलला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मला बोलायला तेवढा वेळ होता. भाऊ वाट बघत होते, पंखा फिरत होता, आणि मी ताकाच्या ग्लासवर बोट फिरवत होते. कुणीतरी एक कॅन सरकवला, आणि तो वेळ संपला. भाऊ हसले. "आबाचा नातू ना तू? ऊस कसा हाय औंदा?" बिरू म्हणाला, बरा हाय. "बरा असू दे," भाऊ म्हणाले.

घरी येताना अप्पांनी फाट्यावर गाडी थांबवली आणि मला भेळ घेऊन दिली. स्वतः खाल्ली नाही. मोकळ्या सांगाड्याकडे बघत म्हणाले, "बरं झालं तसं सांगितलंस ते." आणि थोड्या वेळानं, "वही जाळून टाक." माझी वही त्यांनी कधी पाहिली होती, किती पाहिली होती, मी विचारलं नाही. त्या दिवसानंतर अप्पांनी मला कधीही काही वाचून दाखवायला सांगितलं नाही. औषधाची बाटली आली तर ते शेजारच्या दहावीतल्या मुलाकडे घेऊन जायचे. ओट्यावरून त्या मुलाचं चुकीचं वाचन मला ऐकू यायचं, आणि अप्पा त्याला बरोबर बरोबर म्हणायचे.

फेब्रुवारीत बिरूच्या रानाच्या डाव्या हाताचा ऊस गेला, उजव्या हाताचा गेला, त्यांचा राहिला. चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा तोडीचा माणूस, दर आठवड्याला पुढचा आठवडा सांगायचा. भाऊ निवडून आले होते. त्यांनी कुणाला काही सांगितलं असेल असं मी सिद्ध करू शकत नाही. कदाचित सांगावंही लागलं नसेल. एसटीच्या खिडकीतून मला तो तुकडा रोज दिसायचा. शिमगा झाला, पाडवा झाला. सगळं रान मोकळं, आणि मधे तेवढा एक हिरवा, मग पिवळा पडत चाललेला चौकोन, त्याला तुरे आलेले. माझ्यामागच्या बाकावर कुणी बसत नव्हतं.

एकदाच मी उतरून त्यांच्या वस्तीवर गेले. आबा दारात बसून ढोलाची दोरी सैल करत होते. उन्हाळ्यात ढोल ताणून ठेवला तर कातडं फाटतं, त्यांनी मला समजावून सांगितलं. बिरू पाणी द्यायला गेला होता. आबा म्हणाले, ऊस गेला असता तर पोरगं गेलं असतं. कुणावर राग नव्हता त्यांच्या आवाजात, मी कोण हेही त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मला चहा पाजला. मला सगळं सांगायचं होतं. मी चहा पिऊन आले.

मे महिन्यात त्यांनी आणि पाहुण्यांनी मिळून तो ऊस हातानं तोडला आणि वैरणीला घातला. त्यातच बिरूची परीक्षा बुडाली. प्रणव पुण्याला गेला. त्याच्या ब्यांडला दुसरा कुणी ड्रमवाला मिळाला. त्यांची दोन-तीन गाणी मी ऐकली आहेत, ती समुद्राबद्दल आहेत. सोहेलच्या दुकानात मी परत पाय ठेवला नाही.

आज माझे निम्मे केस पांढरे आहेत आणि मी पुण्यात एका विमा कंपनीची पत्रकं इंग्रजीतून मराठीत आणते. काम चोख करते. मूळ शब्दाच्या एक बोटही इकडे-तिकडे जात नाही, साहेब त्याचं कौतुक करतात. पिवळ्या अल्बमला इतकी वर्षं झाली तरी जगभरचे लोक अजून त्याच्यावर भांडतात. मी वाचत असते. कुणी लिहितं की राजकारणानं या ब्यांडचा घात केला, कुणी लिहितं शब्दांकडे कोण लक्ष देतं, पाचव्या गाण्याचे ड्रम ऐका. मी उत्तर लिहायला घेते. दोन ओळी लिहून पुसते.

गेल्या वर्षी आईच्या दिवसांना गावी गेले होते. फाट्यावर ऊस तोडायचं मोठं यंत्र उभं होतं आणि त्याच्या केबिनमधून बिरू उतरला. जाड झाला आहे, कानाला कमी ऐकू येतं, यंत्रामुळे. लोकांचा ऊस तोडत तो आता कर्नाटकापर्यंत जातो. आईचं कळलं म्हणाला. मग जरा थांबून हसला आणि म्हणाला, तुमची आई सातात थापायची. मी विचारलं, ऐकतोस का अजून काही? त्यानं यंत्राकडे बोट दाखवलं. "हे आयकतो."

मी निघाले तर त्यानं हाक मारली.

"मास्तरीण, तू तवा एकच कडवं केलं हुतंस. फुडं काय हुतं त्या गान्यात?"

पुढचं कडवं मला तोंडपाठ आहे. रांगेतल्या एका झाडाला शेवटी तोंड फुटतं आणि ते आपलं नाव सांगतं, असं त्यात आहे. बिरू फडक्याला हात पुसत उभा होता, कान माझ्याकडे केलेला.

"विसरले रे," मी म्हणाले.

"असू दे," तो म्हणाला, आणि केबिनमध्ये चढला.